पात्राचा निर्णय आणि त्याची किंमत: कादंबरी-नाटकातली माणसं आणि आशयसूत्रं कशी उलगडायची

‘कर्ण हा दानशूर, स्वाभिमानी आणि मित्राला जागणारा होता.’ ‘मृत्युंजय’वर लिहायला बसलं की पहिलं वाक्य बहुतेकांच्या हातून असंच उतरतं. वाक्यात चूक काहीच नाही. पण ते लिहायला कादंबरी वाचावी लागत नाही, लहानपणी ऐकलेल्या महाभारतावरच भागतं. जे वाक्य पुस्तक न उघडता लिहिता येतं, ते विश्लेषणात धरायचं नाही. ही पहिली चाळणी.

इथे दिलेली पद्धत एका साध्या गोष्टीवर उभी आहे. पात्र त्याच्या विशेषणांतून कळत नाही, कोंडीत सापडल्यावर त्याने काय निवडलं यातून कळतं. आणि त्या निवडीची किंमत लेखकाने कोणाला मोजायला लावली हे पाहिलं की आशयसूत्र, म्हणजे पुस्तक माणसाच्या जगण्याविषयी जे म्हणतं ते, हाती लागतं. वही, रकाने, दुसरं वाचन हे सगळं या दोन प्रश्नांची उत्तरं पुराव्यासह मिळावीत म्हणून.

पुस्तक आणि प्रत

सुरुवातीला जवळच्या मातीतलं पुस्तक घ्यावं. कोल्हापूरकरांना निवडीला तोटा नाही. वि. स. खांडेकर १९३८पासून कोल्हापुरात होते आणि त्यांची ‘ययाति’ १९५९ची. ‘मृत्युंजय’ (१९६७) लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे, ‘स्वामी’ (१९६२) लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे, ‘गोतावळा’ आणि ‘झोंबी’ लिहिणारे आनंद यादव कागलचे. ही पुस्तकं १८५०पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात, शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा घराजवळच्या एखाद्या वाचनालयात शोधता येतील.

प्रत हातात आली की वहीच्या पहिल्या पानावर प्रकाशन, आवृत्ती आणि वर्ष लिहून ठेवा. वेगवेगळ्या आवृत्त्यांत पान क्रमांक जुळत नाहीत. गटात चर्चा करताना निम्मा वेळ ‘माझ्याकडे हे पान वेगळंय’ यात जातो. म्हणून प्रत्येक नोंदीत पानासोबत प्रकरणाचा किंवा खंडाचा क्रमांकही घाला. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलही चालवू नका. वर्तमानपत्राच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून खुणेला वापरा आणि पुस्तक परत देताना काढून घ्या.

पहिलं वाचन: वही बंद

पहिल्यांदा वाचताना काही लिहायचं नाही. रोज चाळीस-पन्नास पानं वाचली तर चारशे पानांची कादंबरी आठ-दहा दिवसांत होते. याहून जास्त ताणली तर सुरुवातीचे धागे विसरतात. या वाचनात फक्त तीन प्रकारच्या जागी पट्टी घालायची: पात्र वळतं ती जागा, तुम्हाला त्याचा राग किंवा कणव आली ती जागा, आणि लेखकाने काहीतरी लपवलंय किंवा घाईत उरकलंय असं वाटलं ती जागा. पंचवीस-तीस पट्ट्या पुरेत. शंभर झाल्या तर निवड झालेलीच नाही, निम्म्या काढून टाका.

पुस्तक संपल्याच्या दिवशीच दहा ओळी लिहा: शेवटी कोण हरलं, कोण सुटलं, आणि तो शेवट तुम्हाला पटला का. समीक्षा, प्रस्तावना, गाईड यांतलं काही वाचण्याआधी हे लिहायचं. प्रस्तावना आधी वाचली की पुढची चारशे पानं आपण तिच्याच डोळ्यांनी वाचतो आणि स्वतःचं मत उरत नाही. ‘झोंबी’ला पु. ल. देशपांड्यांची प्रस्तावना आहे, ती आवर्जून वाचावी, पण कादंबरीनंतर.

निर्णयांची वही

आता वही. एका पात्राला डावं-उजवं पान मिळून एक जोडपान द्या आणि पाच रकाने आखा: पान, काय केलं, दुसरं काय करता आलं असतं, हे कोण सांगतंय, किंमत कोणी मोजली. तिसरा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. खरं काम तिथेच आहे. दुसरा पर्याय नसेल तर तो निर्णय नव्हे, नुसती घटना. पाऊस आला आणि पात्र भिजलं, यातून स्वभाव कळत नाही. छत्री हातात असून भिजलं, तर कळतो.

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’वर हे करून पाहू. सुधाकर हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो, काही काळासाठी वकिलीची सनद जाते आणि त्या अपमानाच्या आगीत दारुडा तळीराम त्याच्या हाती पेला देतो. दुसऱ्या रकान्यात ‘पहिला प्याला घेतला’ एवढंच येईल. तिसऱ्यात थांबून विचार करा: तो बायको सिंधूजवळ मन मोकळं करू शकला असता, सनद परत मिळेपर्यंत मान खाली घालून दिवस काढू शकला असता. यातलं काही त्याने केलं नाही, कारण आपली हार कोणी पाहावी हे त्याला सोसत नाही. आता ‘सुधाकर व्यसनी होता’ हे वाक्य आपोआप गळून पडतं आणि त्या जागी येतं: ‘सुधाकरला अपमानापेक्षा अपमान झाल्याचं दिसणं जास्त झोंबतं, म्हणून तो मदत मागण्याऐवजी विसरण्याचा रस्ता धरतो.’ हे वाक्य नाटक वाचल्याशिवाय लिहिता येत नाही.

सिंधूचं जोडपानही असंच भरा. तिचा भाऊ पद्माकर तिला माहेरचा रस्ता दाखवतो, म्हणजे पर्याय आहे, आणि ती तो नाकारते. शेवटी मरणाच्या दारात असतानाही ती नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसापुढे खोटं बोलते. ‘सहनशील’ हे विशेषण इथे तोकडं पडतं. ती निष्क्रिय नाही, ती ठरवून खोटं बोलते, आणि तो तिचा सर्वांत ठाम निर्णय आहे. पाचवा रकाना दोन्ही पानांवर सारखाच भरतो: किंमत सिंधूने आणि तान्ह्या बाळाने मोजली. दोन पात्रांचा पाचवा रकाना एकाच जागी येऊन मिळाला की तिथे गोल करा. आशयसूत्र बहुधा त्या गोलात असतं.

मुख्य पात्राच्या आठ ते बारा नोंदी पुरतात, दुय्यम पात्राच्या तीन-चार. त्याहून कमी असतील तर तुम्ही कथानक आठवताय, पात्र नव्हे.

कोण सांगतंय आणि कोण गप्प आहे

चौथा रकाना वेगळ्या लक्षाने भरावा लागतो, कारण आपल्या दोन गाजलेल्या कादंबऱ्या याच जागी वाचकाला फसवतात.

‘ययाति’ तीन जण सांगतात: ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. तिघेही ‘मी’ म्हणून बोलतात. दुसऱ्या वाचनात एकच प्रसंग किंवा एकच नातं तिघांच्या तोंडून कसं येतं ते शेजारी शेजारी लिहा. देवयानी आणि शर्मिष्ठेचं वैर घ्या. एकीला जो अपमान आयुष्यभर विसरता येत नाही, त्याला दुसरी किती शब्द देते? कोण प्रसंग लांबवतं, कोण गुंडाळतं, कोण स्वतःची चूक मधल्या एखाद्या वाक्यात दडवतं? निवेदक खोटं बोलतो असं दरवेळी नसतं, पण प्रत्येक ‘मी’ स्वतःच्या बाजूने उजेड धरतो. ‘देवयानी अहंकारी आहे’ असं ययाती म्हणत असेल, तर तो देवयानीचा पुरावा जेवढा आहे तेवढाच ययातीचाही आहे.

मग गप्प असलेल्यांची यादी करा. संयमाची, त्यागाची बाजू ज्याच्याकडे आहे त्या कचाला या कादंबरीत निवेदनाचा भाग नाही. तो दिसतो तो इतरांच्या नजरेतून, कुणाच्या प्रेमातून तर कुणाच्या आदरातून. म्हणून कचाविषयी लिहिताना ‘कच असा आहे’ असं न म्हणता ‘अमुकाला कच असा दिसतो’ असं लिहावं. एवढ्या बदलानेच उत्तराची पातळी चढते.

‘मृत्युंजय’मध्ये नऊ खंड आणि सहा निवेदक: कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची पत्नी वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. चार खंड एकट्या कर्णाचे. अर्जुन आणि द्रौपदी बोलत नाहीत. आता द्यूतसभेचा प्रसंग काढा. जिची विटंबना होते तिला या कादंबरीत स्वतःचा खंडच नाही. त्यामुळे कर्णाच्या त्या दिवशीच्या वागण्याविषयी आपल्या मनात येणारी सहानुभूती कादंबरीच्या रचनेतूनच आलेली असते. लेखकाने हे जाणून केलं आहे आणि त्यात गैर काही नाही, पण विश्लेषकाने ते ओळखलं पाहिजे. शेवटचा खंड कृष्णाचा का, हाही प्रश्न वहीत लिहा. कर्ण स्वतःचा मृत्यू सांगू शकत नाही, हे एक कारण झालं. दुसरं जास्त महत्त्वाचं: पांडवांच्या बाजूच्या सर्वांत मोठ्या माणसाच्या तोंडून कर्णाचं मोठेपण वदवलं की ते वकिली वाटत नाही, निकाल वाटतो.

पौराणिक कादंबरीत आणखी एक खड्डा आहे. ऐकीव महाभारत आणि समोरचं पुस्तक यांची सरमिसळ होते. द्रौपदीने स्वयंवरात ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ म्हटलं हे सगळ्यांना पाठ असतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या महाभारताने, हा भाग मूळ संहितेत धरलेला नाही. म्हणून कुठलीही गोष्ट लिहिताना ती या कादंबरीत आहे का, एवढंच तपासा. पान सापडलं नाही तर वाक्य खोडा.

बोली, हाक, संबोधन

कोल्हापूरच्या वाचकाला इथे वरचढ हात मिळतो, आणि तो याच भागावरून सरकन पुढे जातो, कारण भाषा घरचीच असते.

आनंद यादवांचा ‘गोतावळा’ (१९७१) नारबा या शेतगड्याच्या तोंडून, कागलकडच्या बोलीत उलगडतो. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि ज्या जनावरांत त्याचं आयुष्य गेलं ती एकेक करून जातात. इथे दोन याद्या करा. एकीत नारबा माणसांविषयी जे शब्द वापरतो ते, दुसरीत जनावरांविषयीचे. माया, रुसवा, काळजी यांचे शब्द कुठल्या यादीत जास्त पडतात ते पाहा. वीस पानांचा तुकडा घेतला तरी चित्र स्पष्ट होतं. नारबाचा एकटेपणा लेखकाला ‘तो एकटा होता’ असं सांगून मांडावा लागत नाही, तो शब्दांच्या वाटणीत आहे.

संबोधन हा तर हातात आयता मिळणारा पुरावा. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’, ‘अरे’ आणि ‘अहो’, ‘रं’, ‘गं’, ‘अवं’ यांच्यात नात्याची अख्खी उतरंड असते. एखादं पात्र दुसऱ्याला ‘तुम्ही’ म्हणत असताना अचानक ‘तू’वर येतं, किंवा गडी ‘मालक’ म्हणायचं टाळून नुसतंच बोलतो, ती जागा पट्टीची. बोलीतलं पात्र मधेच पुस्तकी बोलू लागलं तर तेही टिपा: ते कोणापुढे बोलतंय, तहसीलदारापुढे, मास्तरांपुढे की मनातल्या मनात? एक चूक मात्र सर्रास होते. बोली दिसली की ‘ग्रामीण वातावरणनिर्मिती’ असं लिहून विषय संपवला जातो. बोली त्या माणसाच्या विचाराची पद्धत असते. तिला सजावट समजलं की पात्र हातातून निसटतं.

उलटा पुरावा

वही भरली की तुमच्या मताविरुद्ध जाणाऱ्या किमान दोन नोंदी शोधा. सापडल्या नाहीत तर पुन्हा वाचा.

‘झोंबी’ (१९८७) याला फार चांगली. मुलाला शाळा हवी आहे आणि बाप त्याला शेतात जुंपतो. पहिल्या वाचनात बाप खलनायक होतो आणि विद्यार्थ्यांच्या लेखनात तो तसाच राहतो. आता बापाचं जोडपान भरा. तिसऱ्या रकान्यात, म्हणजे ‘दुसरं काय करता आलं असतं’ इथे, किती पर्याय उरतात? खाणारी तोंडं, राबणारे हात आणि जमिनीचं देणं यांचा हिशेब मांडला की पर्याय आक्रसत जातात. बापाचा मारकुटेपणा त्याने माफ होत नाही, आणि करूही नये. पण संघर्ष ‘चांगला मुलगा विरुद्ध वाईट बाप’ एवढा राहत नाही. गरिबीत शिक्षण ही घरातल्या सगळ्यांकडून वसूल होणारी गोष्ट होते, हे दिसू लागतं. आशयसूत्र इथे सापडतं आणि ते उलट्या पुराव्यानेच सापडतं.

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७मध्ये सपाट (एकाच गुणावर उभ्या) आणि गोल (अनेक बाजू असलेल्या) पात्रांचा भेद मांडला, तो परीक्षेत सगळे लिहितात. तो वापरायचाच असेल तर इथे वापरा: ज्या पात्राच्या पानावर उलटा पुरावा सापडतो ते गोल. सपाट असणं हा दोष नव्हे. तळीरामाच्या मनात फार उलथापालथ दाखवली असती तर नाटकाचा वेगच गेला असता.

आशयसूत्र वाक्यातच लिहा

‘दारू’, ‘प्रेम’, ‘शिक्षण’, ‘भोग आणि त्याग’ हे विषय झाले. आशयसूत्र पूर्ण वाक्यात येतं, आणि त्या वाक्यात क्रियापद आणि किंमत दोन्ही असावं लागतं. वहीतले गोल केलेले पाचवे रकाने समोर ठेवा आणि हा साचा भरा: ‘जेव्हा माणूस अमुक निवडतो, तेव्हा तमुक घडतं आणि किंमत अमक्याला मोजावी लागते.’ ‘एकच प्याला’चं वाक्य मग असं होईल: ‘पुरुष आपला मानभंग पचवू शकत नाही तेव्हा पडझड त्याची होते, पण किंमत ज्यांनी काहीच चूक केली नाही त्यांना आधी मोजावी लागते.’ ‘दारू वाईट’ हा बोध त्यात सामावतोच, शिवाय सिंधूही त्यात येते.

वाक्याला तीन कसोट्या लावा. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन पुरावे त्याला मिळतात का? त्यातून एखादं महत्त्वाचं पात्र पूर्ण बाहेर राहतं का? आणि हेच वाक्य दुसऱ्या पाच पुस्तकांनाही लागू पडतं का? पडत असेल तर ते फार ढोबळ झालं.

पात्राच्या तोंडचं सुभाषित उचलणं हा सगळ्यांत मोहाचा मार्ग. महाभारतातला ययाती स्वतःच सांगतो की उपभोगाने वासना शमत नाही, तूप टाकल्यावर अग्नी भडकावा तशी ती वाढते. हेच ‘ययाति’ कादंबरीचं सूत्र म्हणून उतरवलं जातं. पण खांडेकरांनी मूळ कथेत काय हलवलं ते पाहा. महाभारतात ययाती पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोगतो, कादंबरीत तो दीर्घ काळ नाही. नहुषाचा विरक्त मुलगा यती याचा महाभारतात ओझरता उल्लेख आहे, कादंबरीत तो पुढे आणला आहे. भोगाच्या टोकाला ययाती आणि विरक्तीच्या टोकाला यती अशी दोन भावंडं समोरासमोर ठेवली की वाक्य बदलतं: नुसता भोग माणसाला मोडतो, तशीच शरीराचा द्वेष करणारी विरक्तीही मोडते. जुन्या कथेवर लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकाला ही युक्ती लावा. लेखकाने काय गाळलं, काय वाढवलं, काय पुढेमागे केलं, याची यादी म्हणजे त्याच्या आशयाचा नकाशा. ‘स्वामी’सारख्या ऐतिहासिक कादंबरीतही तेच. तिथे इतिहासाच्या पुस्तकातला माधवराव पेशवा आणून कादंबरीतल्या माधवरावाच्या फटी बुजवू नका.

नाटक आणि लोकप्रिय पुस्तकं

नाटकात निवेदक नसतो, म्हणून चौथ्या रकान्यात ‘रंगमंचावर कोण हजर आहे’ हे लिहा. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) अप्पासाहेब बेलवलकर एखादं भाषण करतात तेव्हा त्यांची पत्नी कावेरी तिथे आहे की नाही, यावर त्या भाषणाचा अर्थ बदलतो. कंसातल्या रंगसूचना वाचा, विराम मोजा, आणि जमेल तर प्रयोग पाहण्याआधी संहिता वाचून घ्या. नटाचा आवाज एकदा कानात बसला की संहितेतल्या दुसऱ्या शक्यता ऐकू येत नाहीत.

लोकप्रिय पुस्तकांकडे तुच्छतेने पाहणारा वाचक बरंच गमावतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचा नायक झुंजार पिढ्यांनी वाचला. अशा मालिकेतला नायक बदलत नाही, म्हणून एका पुस्तकावर निर्णयांची वही भरत नाही. तीन पुस्तकं एकत्र घ्या आणि चारच गोष्टी नोंदवा: गुन्हा कसला, बळी कोण, गुन्हेगार कुठल्या थरातला, शिक्षा कोण करतं. तिन्हीकडे सारखं येतं ते मालिकेचं आशयसूत्र. न्याय पोलिसांकडून मिळतो की कायद्याबाहेरच्या माणसाकडून, एवढं पाहिलं तरी त्या काळच्या वाचकाला कशाचा दिलासा हवा होता ते कळतं.

लिहायला बसताना

आठशे शब्दांचा लेख असेल तर कथानकाला शंभर शब्दांपेक्षा जास्त जागा देऊ नका. वाचकाला पुस्तक माहीत आहे असं धरा. पहिल्या परिच्छेदात आशयसूत्राचं वाक्य, मग दोन किंवा तीन निर्णय, प्रत्येकाला दीडशे-दोनशे शब्द, आणि उलट्या पुराव्याला स्वतंत्र परिच्छेद. उतारा दोन ओळींपेक्षा लांब नको. उतारा दिल्यावर त्यातल्या एका शब्दावर तरी बोट ठेवा, नाहीतर तो नुसता भरणा होतो. परीक्षेत तीनशे शब्दांचं उत्तर असेल तर एकच निर्णय घ्या, पण तो पाचही रकान्यांसह मांडा.

मसुदा झाला की लाल पेनाने सगळी विशेषणं अधोरेखित करा: स्वाभिमानी, प्रेमळ, क्रूर, ध्येयवादी. प्रत्येकाच्या पुढच्या दोन वाक्यांत प्रसंग आणि पान क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर एक तर पुरावा आणा किंवा विशेषण काढा. ‘लेखकाने सुंदर चित्रण केले आहे’, ‘हृदयस्पर्शी’, ‘अजरामर’ ही वाक्यं आणि शब्द विचार न करता काढून टाका.

गटात काम करायचं असेल तर सहा ते आठ जण पुरेत. पात्रं वाटून घ्या आणि बैठकीत प्रत्येकाने आपल्या पात्राची वकिली करायची. ‘मृत्युंजय’ आणि रणजित देसायांची ‘राधेय’ या कर्णावरच्या दोन कादंबऱ्या, दोन्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या लेखकांच्या, शेजारी ठेवून कर्ण-कृष्ण भेट आणि कर्ण-कुंती भेट हे दोनच प्रसंग घेतले तर दीड तासाची बैठक कमी पडते. प्रत्येक प्रसंगाला आधी दहा मिनिटं मूकवाचन, मग बोलणं. मूकवाचनाशिवाय सुरू केलेली चर्चा पाच मिनिटांत पुस्तक सोडून ‘कर्णावर अन्याय झाला की नाही’ या वादाकडे जाते. तसं झालं की कोणीतरी एकच प्रश्न विचारायचा: कुठलं पान?